चाचणीच्या विमानामागून : निपाणी ते कणकुंबी

शुक्रवार : निपाणी, संकेश्वर, हत्तरगी

बेळगाव जिल्ह्यातील काही शिक्षकमित्रांनी विमानविद्येवर विद्यार्थ्यांशी बोलण्यासाठी बोलावले, तेव्हा मी विषय निवडला तो चेस विमानांचा. नवे विमान चाचणीसाठी आकाशात जाते त्या वेळी त्याच्या मागे, बाजूला किंवा पुढे राहून त्याच्यावर नजर ठेवणारे विमान म्हणजे चेस विमान. आणि प्रयोगाचे विमान उंचावर नेऊन सोडणारी, बचावपथके वाहून नेणारी, हवेतच मोजमाप करणारी इतर विमाने ही साहाय्यक विमाने. विक्रम करणाऱ्या विमानांची नावे शाळकरी मुलांना पाठ असतात. त्या विक्रमाच्या वेळी शेजारी कोण होते हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. माझे मत असे आहे की शेजारचे विमान हा प्रयोगाचाच एक भाग असतो आणि त्याला वगळून सांगितलेला प्रयोग अपुरा राहतो.

कोल्हापूरहून निघून निपाणीत चहा घेतला आणि पुणे-बंगळूर महामार्गाने संकेश्वरकडे निघालो. गळीत हंगाम सुरू असल्यामुळे रस्त्यावर उसाची वाहतूक दाट होती. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाला मागच्या ट्रॉलीचे चाक दिसत नाही. दोर सुटला किंवा टायर बसला तर मागून मोटारसायकलवर येणारा त्याचा जोडीदारच ते ओरडून सांगतो. चाचणी वैमानिकाची अडचण याच जातीची, पण कितीतरी अधिक गंभीर असते. त्याला स्वतःच्या विमानाचे पोट दिसत नाही, शेपटीचा बहुतेक भाग दिसत नाही, आणि काही विमानांत तर समोरचेही दिसत नाही. नासाच्या एक्स-५९ या विमानात वैमानिकापुढे सरळ पाहण्याची काचच नाही. लांब निमुळत्या नाकामुळे ती ठेवता आली नाही आणि कॅमेऱ्यांनी पडद्यावर उमटवलेले चित्र पाहून ते विमान उडवावे लागते. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी निल्स लार्सन यांनी ते पहिल्यांदा उडवले.

हत्तरगीजवळ विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांची वसाहत आहे. तेथील एका कारखान्यात माझा भाचा संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर काम करतो. दुपारच्या सुट्टीत तो भेटायला आला आणि विषय ऐकताच त्याने सरळ शंका काढली.

"मामा, आम्ही साधं ब्रॅकेटसुद्धा मायक्रॉनमध्ये मोजून पाठवतो. चाचणीच्या विमानात तर शेकडो सेन्सर असतात आणि सगळे आकडे खाली खोलीत दिसतात. मग शेजारी दुसरं विमान उडवून इंधन जाळायचं कशाला?"

प्रश्न योग्य होता, आणि पुढच्या साऱ्या प्रवासात मी जे बोललो ते बहुतांशी त्याचेच उत्तर होते. सेन्सर बसवला जातो तो अभियंत्याला जेथे अडचण येईल असे वाटते तेथे. ज्या गोष्टीची शंकाच आली नाही, तिच्यापाशी सेन्सर नसतो. सुटू पाहणारा पत्रा, पंखाखालून निघणारी इंधनाची पुसट रेघ, अर्धवट मिटलेले चाकांच्या कप्प्याचे दार, फाटलेला टायर या गोष्टी शेजारच्या वैमानिकाला नुसत्या डोळ्यांनी दिसतात. चाके उतरल्याचा दिवा लागला नाही, तर दोष दिव्यात आहे की चाकात, हे विमानात बसून नेहमीच ठरवता येत नाही. बाहेरून पाहणारा ते तत्काळ सांगू शकतो. शिवाय चाचणी वैमानिकाची मान बहुतेक वेळ उपकरणांकडे झुकलेली असते, त्यामुळे त्या हवाई क्षेत्रात दुसरे कोणी शिरत नाही ना हे पाहण्याचे कामही चेस वैमानिकाकडेच येते.

भाच्याला मी कोलंबियाचे उदाहरण दिले. १४ एप्रिल १९८१ रोजी कोलंबिया हे कक्षेत गेलेले पहिले स्पेस शटल परतून कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावर उतरले. जगातील सर्वांत गुंतागुंतीच्या यंत्रांपैकी ते एक होते, तरीही अखेरच्या टप्प्यात एक टी-३८ विमान त्याच्या जवळ आले, त्याने यानाच्या बाहेरच्या बाजूची पाहणी केली आणि चाके धावपट्टीला टेकेपर्यंत वेग आणि जमिनीपासूनची उंची रेडिओवरून सांगत राहिले. ते चेस विमान जॉन मॅकब्राइड उडवत होते. जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन ही कोलंबियातील दोन नावे सर्वांना ठाऊक असतात. मॅकब्राइड यांचे नावही त्याच वाक्यात यायला हवे, असे मी भाच्याला सांगितले.

भाचा कामावर परतला. वंटमुरीचा घाट ओलांडून संध्याकाळी बेळगावात पोहोचलो.

शनिवार : सांबरा आणि बेळगाव

सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील, १९४२ची. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत हवाईदलाच्या हंटर विमानांनी येथूनच उड्डाण करून बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला होता. गावातील एका निवृत्त हवाईसैनिकांची भेट शिक्षकमित्रांनी आधीच ठरवून ठेवली होती. हंटरच्या आवाजाने गाव दणाणले तेव्हा ते शाळेत होते. पुढे ते हवाईदलात इन्स्ट्रुमेंट फिटर झाले आणि विमानांची वेगमापके व उंचीमापके दुरुस्त करण्यात त्यांची नोकरी गेली.

"उनात कशाला उभारलायसा ओ सर? आत या की, चा घेऊन मग बोलू," असे म्हणत त्यांनी आम्हांला पडवीत नेले. चेस विमानांचे नाव काढताच त्यांनी जो मुद्दा मांडला, तो पुस्तके वाचणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही.

"सुई काय दावतीया ते तिला हवा कुठनं मिळतीया त्याच्यावर हाय," ते म्हणाले. "नव्या इमानाच्या सुईवर पयल्या दिवशी इस्वास ठेवायचा नसतोय."

या निवृत्त हवाईसैनिक काकांचे म्हणणे नीट उलगडून सांगण्याजोगे आहे. विमानाचा वेग दोन दाबांच्या फरकावरून काढला जातो. समोरून येणाऱ्या हवेचा दाब पिटो नळी घेते आणि आसपासच्या स्थिर हवेचा दाब विमानाच्या अंगावरील बारीक छिद्रे घेतात. अडचण अशी की विमान स्वतःच आपल्या सभोवतालची हवा ढवळत जाते, त्यामुळे त्या छिद्रांपाशी मिळणारा दाब हा खऱ्या स्थिर हवेचा नसतो. छिद्र कोठे पाडले आहे, विमानाचा वेग काय, नाक किती वर उचललेले आहे, फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, उघडे आहेत की मिटलेले, यांवर ही चूक बदलत जाते. ध्वनीच्या वेगाजवळ तर हवेच्या दाबाची तीव्र लाट, म्हणजे आघाततरंग, त्या छिद्रावरून सरकताना सुई एकदम उडी घेते. गणिताने आणि वातबोगद्यातील प्रयोगांनी या चुकीचा अंदाज येतो, पण खात्री आकाशातच करावी लागते. त्यासाठी ज्याची उपकरणे आधीच काटेकोर तपासलेली आहेत असे दुसरे विमान नव्या विमानाशेजारी त्याच उंचीवर आणि त्याच वेगाने उडवतात आणि दोन्हींचे आकडे एकाच क्षणी नोंदवून ताडून पाहतात. या कामातील विमानाला पेसर म्हणतात. खूप लांब नळीच्या टोकाला शंकू बांधून तो विमानामागे ओढत नेणे किंवा ठराविक उंचीच्या मनोऱ्यासमोरून उडणे, असे अन्य मार्गही आहेत. परंतु पेसरच्या मदतीने निरनिराळ्या उंचीवरची आणि वेगाची पुष्कळ मोजमापे एकाच फेरीत घेता येतात. भाच्याच्या शंकेचे दुसरे उत्तर मला असे सांबऱ्यात मिळाले. शेकडो सेन्सर बरोबर आहेत की नाहीत, हे तपासायलाही शेजारचे विमान लागते.

संध्याकाळी बेळगावातील एका वाचनालयात व्याख्यान झाले. महाविद्यालयीन विद्यार्थी बरेच होते, उद्यमबागेतील फाउंड्रींमध्ये काम करणारी काही मंडळीही आली होती. सुरुवात अर्थातच बेल एक्स-१ या रॉकेट विमानापासून केली. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर यांनी या विमानातून माक १.०६, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या १.०६ पट, इतका वेग गाठला. एक्स-१ स्वतःच्या बळावर जमिनीवरून उठले नव्हते, बी-२९ या बॉम्बफेकी विमानाने ते पोटाखाली धरून वर नेले आणि हवेत सोडले. चेस म्हणून पी-८० विमाने होती आणि त्यांतील एक बॉब हूवर यांच्या हाती होते. रॉकेट पेटल्यावर एक्स-१ला गाठणे पी-८०ला शक्यच नव्हते, म्हणून एक चेस विमान सोडण्याच्या जागेजवळ थांबवले जाई आणि दुसरे आधीच बरेच पुढे आणि उंचावर नेऊन ठेवले जाई, म्हणजे रॉकेट विमान त्याच्याकडेच झेपावत येई. इंधन संपले की एक्स-१ इंजिनाविना तरंगत खाली येई, आणि तेव्हा चेस पुन्हा त्याला येऊन मिळे. मंद विमानाने वेगवान विमानाची सोबत करायची ती अशी, जागा आणि वेळ यांच्या हिशोबाने.

हाच हिशोब एक्स-१५ या पुढच्या रॉकेट विमानाच्या काळात फार मोठा झाला, आणि त्याविषयी मी त्या दिवशी सर्वांत जास्त बोललो. १९५९ ते १९६८ या काळात एक्स-१५ची १९९ उड्डाणे झाली. बी-५२ विमान त्याला पंखाखाली धरून सुमारे ४५,००० फुटांवर नेई. लांब पल्ल्याच्या उड्डाणांत नेवाडातील एखाद्या कोरड्या सरोवराच्या आसमंतात ते सोडले जाई आणि तेथून ते एडवर्ड्सकडे झेप घेई. मार्गातील कोरडी सरोवरे ही संकटकाळी उतरण्याची मैदाने होती. एक चेस विमान सोडण्याच्या वेळी जवळ राही, दुसरे वाटेवर, तिसरे एडवर्ड्सजवळ उतरण्याच्या वेळी साथ देई. उतरण्यापूर्वी शेपटीखालचा पंखाचा तुकडा सुटून पडला की नाही आणि मागे चाकांऐवजी असलेल्या घसरपट्ट्या खाली आल्या की नाहीत, हे तो शेवटचा चेस वैमानिक पाही. सरोवरांच्या काठी अग्निशामक गाडी, बचावपथक आणि हेलिकॉप्टर सज्ज असे, आणि सी-१३० हे मालवाहू विमानही सेवेत असे.

या साऱ्या तयारीची कसोटी ९ नोव्हेंबर १९६२ रोजी लागली. जॅक मॅके यांचे एक्स-१५ सुटले, पण इंजिन सुमारे ३० टक्के जोरावरच अडकून राहिले. मड लेक या सरोवरावर तातडीने उतरण्याचे ठरले. फ्लॅप उघडले नाहीत, त्यामुळे विमान नेहमीपेक्षा बऱ्याच अधिक वेगाने टेकले. एक घसरपट्टी मोडली आणि विमान उलटले. मॅके आत अडकले होते, त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली होती, आणि इंधन म्हणून वापरल्या जाणाऱ्या अमोनियाचे विषारी वाफारे विमानाभोवती पसरले होते. बचावपथकाला जवळ जाणे कठीण झाले. तेव्हा हेलिकॉप्टरच्या वैमानिकाने आपले यंत्र त्या जागेवर अशा रीतीने तरंगत ठेवले की पात्यांच्या वाऱ्याने वाफारे दूर ढकलले जावेत, आणि त्या झोतात पथकाने मॅके यांना बाहेर काढले. पुढे सी-१३० त्यांना घेऊन गेले. मॅके यांनी त्यानंतरही एक्स-१५ उडवले. मोडलेले विमान दुरुस्त करून, लांबी वाढवून एक्स-१५ए-२ या नावाने पुन्हा उभे केले गेले, आणि त्याच विमानातून पीट नाइट यांनी ३ ऑक्टोबर १९६७ रोजी माक ६.७ हा वेग गाठला. मड लेकच्या काठी ते हेलिकॉप्टर आणि ते पथक नसते, तर त्या वैमानिकाचे काय झाले असते याचा विचार सभागृहाने करावा, एवढेच मी म्हणालो आणि क्षणभर थांबलो. मागच्या रांगेतून एका फाउंड्री कामगाराने अमोनिया का वापरत असत असे विचारले. द्रवरूप ऑक्सिजनबरोबर तो जाळून त्या इंजिनाला जोर मिळत असे, हे सांगण्यात पुढची काही मिनिटे गेली, आणि ती मला फार समाधानाची वाटली.

रविवार : राजहंसगड

सकाळी काही विद्यार्थ्यांबरोबर येळ्ळूरचा राजहंसगड चढलो. गडावरील शिवरायांचा पुतळा आणि खाली पसरलेले बेळगाव शहर पाहून आम्ही तटापाशी बसलो. आदल्या दिवशी सगळी बाजू चेस विमानांच्या उपकारांची मांडली होती; त्यांच्या धोक्याची बाजू न सांगता विषय सोडणे मला प्रामाणिक वाटले नसते.

८ जून १९६६ रोजी एक्सबी-७० या सहा इंजिनांच्या प्रचंड विमानाची त्या दिवसाची चाचणी संपली होती. त्यानंतर एकाच कंपनीची इंजिने बसवलेल्या पाच विमानांचे एकत्र छायाचित्र घेण्यासाठी ती जवळजवळ उडवण्यात आली. त्यांतील एफ-१०४ मध्ये जो वॉकर होते. १९६३ मध्ये याच वॉकर यांनी एक्स-१५ सुमारे १०८ किलोमीटर उंचीवर नेले होते. मोठ्या विमानाच्या पंखाच्या टोकापासून हवेचा जो जोरदार भोवरा सुटतो त्यात त्यांचे एफ-१०४ सापडले, उलटून एक्सबी-७०च्या पाठीवरून गेले आणि त्याच्या दोन्ही उभ्या शेपट्यांवर आदळले. वॉकर जागीच ठार झाले. एक्सबी-७० काही क्षण सरळ उडत राहिले आणि मग कोसळले. त्यातील कार्ल क्रॉस मृत्यू पावले, अल व्हाइट जबर जखमी होऊन वाचले.

या अपघाताचा अर्थ मी असा लावतो, आणि मुलांनाही तसाच सांगितला, की जवळ असण्याचे कारण फक्त प्रयोगाचे काम हेच असू शकते. काम असेल तेव्हा जवळ जावे, काम होताच दूर व्हावे, आणि ज्याला काम नाही अशा विमानाने तेथे असूच नये. चेस वैमानिकाच्या कौशल्यात जवळ राहण्याइतकेच दूर होण्याचे स्थान आहे. कोणत्या बाजूने जवळ यायचे, किती अंतर राखायचे, दृष्टी सुटली तर कोणी कोणत्या दिशेला वळायचे, हे सगळे उड्डाणापूर्वी बसून ठरवावे लागते.

त्या भोवऱ्यांचा अभ्यासही पुढे शेजारच्या विमानांनीच केला. १९७४ मध्ये नासाने एका बोइंग ७४७च्या पंखांना धूर सोडणारी यंत्रे बसवून भोवरे दृश्य केले आणि टी-३७ व लिअरजेट ही लहान विमाने मुद्दाम त्यांच्या जवळ आणि आत नेऊन ती किती वेगाने कलंडतात हे मोजले. तेच ७४७ पुढे स्पेस शटल याने पाठीवर वाहून नेऊ लागले.

दुपारी पावसाची एक सर आली आणि आम्ही उतरलो.

सोमवार : खानापूर, जांबोटी, कणकुंबी

खानापूरहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे जाणारा रस्ता सह्याद्रीच्या दाट झाडीतून जातो. पहाटे निघाल्यामुळे उंचावरून जाणाऱ्या प्रवासी विमानांनी आकाशात ओढलेले पांढरे पट्टे स्वच्छ दिसत होते. हे पट्टे इंजिनातून निघालेल्या काजळीच्या कणांवर बर्फ जमून तयार होतात आणि ते टिकून पसरले तर पृथ्वीची उष्णता अडवून ठेवतात. त्यांच्यातील बर्फाचे कण मोजायचे तर जमिनीवरून मोजता येत नाहीत. कोणीतरी त्या पट्ट्यात शिरावे लागते. जर्मनीच्या डीएलआर या संशोधन संस्थेचे फाल्कन २० हे विमान नेमके हेच करते. २०२१ मध्ये शंभर टक्के शाश्वत, म्हणजे खनिज तेलापासून न बनवलेल्या, इंधनावर उडणाऱ्या एअरबस ए३५०च्या मागे जाऊन त्याने काही वेळा अवघ्या १०० मीटरपर्यंत जवळ येऊन नमुने घेतले, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दर किलो इंधनामागे बर्फाच्या कणांची संख्या साध्या जेट इंधनाच्या तुलनेत ५६ टक्क्यांनी कमी आढळली. येथे मागचे विमान केवळ नजर ठेवणारे उरत नाही. तेच या प्रयोगाचे मुख्य उपकरण आहे.

कणकुंबीला माउलीचे दर्शन घेऊन मलप्रभेच्या उगमापाशी थोडे थांबलो. चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा, आणि गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर युद्धनौकेच्या डेकसारखी चाचणीची जागा बांधलेली आहे. १३ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलासाठीच्या तेजस या लढाऊ विमानाने तेथे तारेला आकडा अडकवून उतरण्याची चाचणी यशस्वी केली. विमान कमोडोर जयदीप मावळणकर यांच्या हाती होते. धावपट्टीच्या कडेला उभा राहून येणाऱ्या विमानाचा कोन पाहणारा आणि रेडिओवरून सूचना देणारा अधिकारीही होता. ११ जानेवारी २०२० रोजी मावळणकर यांनीच ते विमान विक्रमादित्य या विमानवाहू नौकेवर उतरवले. बाहेरची नजर आकाशातच असली पाहिजे असे नाही, डेकच्या कडेलाही ती तेवढीच मोलाची असते.

परतीच्या वाटेवर जांबोटी भागातील एका शाळेत थांबलो. वेळ थोडा होता, म्हणून मी आपल्या राज्यातलेच उदाहरण घेतले. चित्रदुर्ग जिल्ह्यातील चाचणी क्षेत्रात २ एप्रिल २०२३ रोजी हवाईदलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने इस्रोचे पंख असलेले यान लोंबकळत साडेचार किलोमीटर उंचीवर नेले आणि सोडले. ते यान वैमानिकाविना स्वतः वाट काढत धावपट्टीवर उतरले. मुलांनी चिनूकबद्दल खूप विचारले. नववीतील एका मुलीने मात्र निराळेच विचारले.

"सर, त्या मागं उडणाऱ्या विमानात मागच्या सीटवर कोण बसतंय?"

बहुतेक वेळा छायाचित्रकार किंवा उड्डाण-चाचणी अभियंता, असे मी सांगितले. बंगळूरला हवाईदलाची चाचणी वैमानिकांची शाळा आहे, तेथे वैमानिकांबरोबर अभियंत्यांनाही हे शिक्षण मिळते. मागे बसणाऱ्याचे काम सोपे नसते. विमान तिप्पट गुरुत्वाच्या जोराने वळत असेल, तर तीन किलोचा कॅमेरा हातात नऊ किलोचा होतो, आणि तो डोळ्यापुढे स्थिर धरून पंखाखालचा एखादा बारीक सांधा टिपायचा असतो.

तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग वळायच्या आधी वैमानिकानं सांगायला पाहिजे की त्याला."

तसेच करतात, मी म्हणालो. कोणत्या वळणात कोणते चित्र हवे, हे दोघे जमिनीवरच ठरवतात, आणि वर गेल्यावर वैमानिक प्रत्येक वळणाआधी मागच्याला कळवतो. मग तिने कॅमेरा कोणत्या बाजूच्या काचेतून धरायचा, असे विचारले, आणि मी फळ्यावर दोन विमाने काढून सूर्य कोणत्या बाजूला ठेवावा हे समजावून देऊ लागलो.